सतरा मीटर

एनेटमाटच्या चौकातून अकरा नोव्हेंबरला ऊन जातं आणि तीस जानेवारीला परत येतं. मधले ऐंशी दिवस सूर्य रापेनच्या डोंगरामागूनच जातो. वरच्या वस्तीवर ऊन असतं, समोरच्या कुरणांवर असतं, डोक्यावरचं आकाश निळंशार असतं, आणि चौकात सावली. बाहेरच्यांना वाटतं, इथल्या माणसांना सवय झाली असेल. सवय-बिवय काही होत नाही. आम्ही बोलत नाही एवढंच.

तीस तारखेला दुपारी पाऊणच्या सुमारास डोंगराच्या खिंडीत सूर्य अकरा मिनिटं दिसतो. त्या दिवशी शाळा लवकर सुटते, बेकरीवाला मनुका घातलेले पाव फुकट वाटतो, आणि चौकाच्या उत्तरेच्या रांगेतली घरं खिडक्या उघडून पिसांच्या रजया बाहेर टाकतात. अकरा मिनिटांत रजईला काय ऊन लागणार? तरी टाकतात. दुसऱ्या दिवशी ऊन जरा जास्त वेळ थांबतं, तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त, आणि हिवाळा संपला असं लोक एकमेकांना सांगायला लागतात.

मी डोरोथे कुंडर्ट. या गावची मुलगी, धंद्याने वास्तुरचनाकार. पंचवीस वर्षं शहरात दुसऱ्यांच्या नकाशांत जिने आणि शौचालयं बसवली. स्वतःचं ऑफिस काढलं, ते बुडालं. चौपन्नाव्या वर्षी आईच्या घरात परत आले आणि गोठ्यांच्या दुरुस्त्या करायला लागले. मग गावच्या सहकारी बँकेने जुन्या चौकात नवी इमारत बांधायचं ठरवलं आणि काम मला मिळालं. बँकेचा अध्यक्ष कास्पर हेफ्टी माझ्याच वर्गातला, हे लोक बोलले. बोलोत. रेखाटनंही चांगली होती.

जागा चौकाच्या दक्षिणेला, जिथे पूर्वी घोडागाड्यांची बसकी शेड होती. माझ्या पहिल्या आराखड्यात इमारत तेरा मीटर उंच होती, उतरतं, शांत छप्पर. तो आराखडा जुन्या वास्तूंच्या समितीकडे गेला. समितीतल्या चार गृहस्थांनी कॉफी पीत सांगितलं की ऐतिहासिक चौकात छप्पर शेजाऱ्यांसारखं उभट हवं, नाहीतर परवानगी नाही. मी छप्पर उभट केलं. ते दिसायला खरंच सुंदर झालं. उंची झाली सतरा मीटर. नवी रेखाटनं आठ दिवसांत द्यायची होती, मी दिली, आणि त्या आठ दिवसांत सूर्याचा विचार मी केला नाही. बँकेने केला नाही, समितीनेही नाही. उन्हाळा होता तो. ऊन सगळीकडे होतं.

आमच्याकडे परवानगीआधी इमारतीच्या जागी खांब उभे करावे लागतात. कोपऱ्याकोपऱ्यावर सरळसोट लाकडी खांब, वर आडव्या पट्ट्या. पट्टी जिथे, तिथे छप्पर येणार. सगळ्या गावाने ते बघायचं आणि ज्याची हरकत असेल त्याने महिन्याभरात लेखी द्यायची. मुदत संपली की संपली. नंतर कुणी तोंड उघडत नाही, भांडखोर माणूससुद्धा नाही. मुदतीनंतर तक्रार करणं म्हणजे आमच्यात प्रेतयात्रेत शिट्टी वाजवण्याइतकं वाईट.

खांब उभे राहिले तीन जानेवारीला. मेल्क रीनर नावाचा जंगलखात्यातून निवृत्त झालेला म्हातारा आसपासच्या सगळ्या गावांत खांब उभे करतो. त्याने दोन माणसं घेऊन दिवसभरात सहा खांब रोवले, तारांनी ताणले, आणि वर बघत म्हणाला, "बरेच उंच आहेत की गं."

"समितीला उभट छप्पर हवं होतं," मी म्हटलं.

"समिती राहते कुठे?"

"प्रांताच्या राजधानीत."

"तिथे ऊन असतं," मेल्क म्हणाला आणि हातोडा पिशवीत टाकला.

त्याच संध्याकाळी मी घरी जाऊन हिशोब केला. वीस मिनिटांचं काम. तीस जानेवारीला दुपारी सूर्य आकाशात पंचवीस अंशांवर असतो. समोरच्या घरांच्या पहिल्या मजल्यावरून माझं छप्पर तेहतीस अंशांवर. म्हणजे त्या रांगेला ऊन तीस जानेवारीला येणार नव्हतं, फेब्रुवारीच्या एकवीस-बावीसला येणार होतं, आणि जाणारही होतं तितकंच आधी, ऑक्टोबरातच. तळमजल्यांना तर मार्चपर्यंत काही नाही. मी पुन्हा केला. तिसऱ्यांदा केला. उत्तर तेच आलं.

सकाळी कास्परला गाठलं. त्याने ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, घातला.

"कायद्यात उन्हाचा हक्क आहे का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग?"

"मग काय मग? तू त्या चौकात वाढलास, कास्पर."

"म्हणून तर विचारतोय. आता छप्पर खाली आणायचं म्हणजे पुन्हा समिती, पुन्हा वर्ष. सभासद मला खाऊन टाकतील. आणि काम पुन्हा तुलाच देतील याची खात्री मी देऊ शकत नाही, तेही सांगून ठेवतो. कुणी हरकत घेतली तर बघू. खांब उभे आहेत. डोळे सगळ्यांना आहेत."

हे त्याचं बरोबर होतं आणि तिथेच सगळी मेख होती. खांब उभे होते, पण चौकात ऊन नव्हतं. जानेवारीत नुसते खांब बघून सावली कुठे पडेल हे कोण सांगणार? सांगू शकेल असं गावात एकच माणूस होतं, आणि ते माणूस बरोबर खांबांसमोर राहत होतं.

एल्मरबाईंनी आम्हाला गणित शिकवलं. मला, कास्परला, आमच्या आधीच्या आणि नंतरच्या तीस वर्षांच्या पोरांना. लग्न केलं नाही. सत्त्याऐंशी वर्षांच्या होत्या, पहिल्या मजल्यावर एकट्या राहत, लाकडं स्वतः वर नेत. धाकटी बहीण सबिना त्यांच्याजवळच असायची. तिचं डोकं हळूहळू गेलं, आणि शेवटची सहा वर्षं बाईंनी तिला चमच्याने भरवलं. सबिना गेल्यावर बाई फक्त एवढंच म्हणाल्या होत्या, "माझं असं व्हायला लागलं तर मला कुणीतरी वेळेवर सांगा."

पंधरा जानेवारीला त्यांनी मला चहाला बोलावलं. टेबलावर चौकटीच्या वहीचा कागद होता. त्यांच्या खिडकीची उंची, चौकाची रुंदी, छपराची उंची, सूर्याची तारीखवार उंची, सगळं शिसपेन्सिलीने, खाली दुहेरी रेघ. त्यांच्या मागे खिडकीत दोन खांब दिसत होते. तारा वाऱ्याने गुणगुणत होत्या आणि तो आवाज खोलीत आत येत होता.

"डोरी, हे तपास," बाई म्हणाल्या. "माझ्या गणिताप्रमाणे ऊन येत नाही. बावीस फेब्रुवारीपर्यंत येत नाही."

मी कागद घेतला. बाईंनी बावीस काढली होती, मी एकवीस-बावीस. कॉम्प्युटरशिवाय, चष्मा लावून, त्या वयात.

"तुझे नकाशे नगरपालिकेत लावलेत, तिथून उंची घेतली," त्या म्हणाल्या. "सतरा मीटर. नीट वाचलं. दोनदा वाचलं."

"आणि गणित बरोबर असेल तर?"

"तर मी हरकत लिहिणार. खालच्या श्ट्राइफबाई सही करणार आहेत, बेकरीवाला करणार आहे, रांगेतली पाच घरं आहेत. तुझ्यावर राग नाही गं. तुला समितीतल्या त्या टवाळांनी छप्पर वाढवायला लावलं असेल, मला माहीत आहे. पण ऊन जाऊ देणार नाही."

"आणि चूक असेल तर?"

बाईंनी कपात साखर घातली आणि ढवळत राहिल्या.

"वरच्या वस्तीतल्या वृद्धाश्रमात मी नाव लावून ठेवलंय. खोली मार्चमध्ये रिकामी होतेय, त्यांना उत्तर हवंय. सबिनाचं आकड्यांपासूनच सुरू झालं, आठवतं तुला? घड्याळात सात वाजले की नऊ वाचायची. आणि पैजेवर सांगायची की नऊच आहेत." त्या हसल्या, पण हात ढवळतच होता. "मला इथेच मरायचंय, डोरी. पण वेडी होऊन इथे नाही मरायचं. म्हणून तुला विचारतेय. तू मला खरं सांगशील."

आता मी सांगते ते मी आजवर एकाच माणसाला सांगितलंय. मी आधीपासून काही ठरवून गेले नव्हते. माझ्या पिशवीत इमारतीच्या नकाशांची गुंडाळी होती, कास्परकडे न्यायची होती म्हणून. तिच्यात जुनी रेखाटनंही होती, पहिल्या आराखड्यातली. मी गुंडाळी काढली, त्यातलं जुनं बाजूचं रेखाटन उलगडलं, कपबशी सरकवली आणि त्यावर बोट ठेवलं.

"बाई, इथे काय लिहिलंय?"

बाई वाकल्या. चष्मा वर केला, खाली केला.

"तेरा," त्या म्हणाल्या.

"तेरा आहे, बाई."

"मी सतरा वाचलं."

"नाही. तेरा आहे."

"दोनदा वाचलं, डोरी. सतरा होतं. मला डोळ्यासमोर दिसतंय."

मी काही बोलले नाही. तेवढं पुरे होतं. आजही कुणी मला विचारलं की तू खोटं काय बोललीस, तर मला त्या तीन शब्दांपेक्षा तो गप्प बसलेला वेळच जास्त आठवतो.

"मग हे खांब?" बाईंनी खिडकीकडे बघितलं. "एवढे उंच दिसतात."

"खांब छपरापेक्षा उंचच लावतात. खुणेची पट्टी खाली असते. इथून खालून बघताना फसायला होतं."

"हो का," बाई म्हणाल्या. त्यांनी आपला कागद घेतला, घडी केली, पुन्हा घडी केली. "तेराने केलं तर ऊन येतं. छपराच्या वर एक अंश राहतो." तोंडी केलं त्यांनी ते, क्षणात. मग म्हणाल्या, "बरं झालं तुला विचारलं. नाहीतर गावभर शोभा झाली असती."

मी का केलं? मला ती इमारत हवी होती. दुसरं काही कारण नाही, आणि शोधायला गेले तर स्वतःचीच चीड येते. माझ्या गावात, मधोमध, माझं नाव असलेली एक इमारत. चौपन्न वर्षांत एकही नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाई रांगेतल्या पाचही घरी गेल्या आणि माफी मागून आल्या. बेकरीवाल्याने मला सांगितलं. "एल्मरबाईंचा आकडा चुकला म्हणे," तो पाव पिशवीत घालत म्हणाला. "मला तर विश्वासच बसेना. माझ्या बापाला पाढे शिकवले त्यांनी. पण त्याच म्हणाल्या, वय झालं. तुम्ही तपासलंत ना?"

"हो."

"मग झालं." त्याने एक पाव जास्तीचा टाकला.

राहिले खांब. मुदत दोन फेब्रुवारीपर्यंत होती आणि तीस जानेवारीला सूर्य येणार होता. त्या दिवशी सगळा चौक खिडकीत उभा राहून दक्षिणेकडे बघणार, सूर्य खिंडीत दिसणार, आणि दिसणार तो पट्टीच्या पुष्कळ खाली. शाळेतल्या पोराला कळलं असतं. हरकत लिहायला तीन दिवस हातात असते. आणि बाईंना कळलं असतं की सतराच होतं.

मला त्या पंधरवड्यात जेवण गेलं नाही. चौकातून जाताना मी खाली बघून जायचे. खांबांच्या तारांचा आवाज मला घरी, आईच्या स्वयंपाकघरातही ऐकू यायचा, आणि तिथून चौक दिसतसुद्धा नाही. आणखी एक गोष्ट मी करत होते. रोज रेडिओवर दक्षिणेच्या गरम वाऱ्याचा इशारा येतो का ते ऐकत होते. हा वारा आमच्या दरीत सुटला की कौलं उडतात, झाडं पडतात. जुन्या काळी तो सुटला की गावात चुली पेटवायला बंदी असे. आयुष्यात पहिल्यांदा मी तो वारा यावा म्हणून वाट बघत होते.

सव्वीस तारखेला रेडिओवर म्हणाले, उंच खिंडींत वाऱ्याची शक्यता. दरीत शक्यता कमी. मी बसले आणि बांधकाम खात्याला पत्र लिहिलं: वाऱ्याचा इशारा, पादचाऱ्यांना धोका, खांब तात्पुरते उतरवण्याची परवानगी असावी. कास्परने वाचलं.

"शक्यता कमी म्हणाले ना?"

"शक्यता म्हणाले."

त्याने माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघं एकाच बाकावर बसलोय, सहा वर्षं. त्याला सगळं कळलं, बाईंचं नसेल, पण बाकीचं सगळं. त्याने पत्र मला परत दिलं.

"सही तुझी," तो म्हणाला.

खात्यातल्या कारकुनाने अर्ध्या दिवसात परवानगी दिली. फोटो काढून ठेवा म्हणाला, तेवढे पुरतात. अठ्ठावीसला सकाळी मेल्क चौकात आला. आकाश स्वच्छ, धुराची रेघ चिमणीतून सरळ वर जात होती. त्याने बोट ओलं करून हवेत धरलं, मुद्दाम, मला दिसेल असं.

"कुठाय वारा?"

"इशारा आहे."

"सत्तर वर्षं या दरीत आहे मी. वारा येणार असला की माझा गुडघा दुखतो. आज नाचता येईल मला."

"मेल्क, उतरव."

"उतरवतो. माझं काय जातंय?" तो म्हणाला. "पण कागद दे. मी खांब वाऱ्यावर उतरवत नाही, सहीवर उतरवतो." मी कागद दिला. त्याने तो घडी करून छातीच्या खिशात ठेवला. मग तो वर, पहिल्या मजल्यावरच्या खिडकीकडे बघून म्हणाला, "तिने मला सातवीत नापास केलं होतं. बरोबर केलं होतं." आणि तारा सोडायला लागला.

वारा आला नाही. ऊन आलं.

तीस तारखेला पाऊण वाजता खिंडीत सूर्य दिसला आणि चौकातले लोक एकदम गप्प झाले, नेहमी होतात तसे. रजया खिडक्यांतून लोंबत होत्या, पांढऱ्या, निळ्या पट्ट्यांच्या. पोरांनी तोंडं वर केली. मी कारंज्यापाशी उभी होते. एल्मरबाई खिडकीत खुर्ची घेऊन बसल्या होत्या, डोळे मिटून, ऊन तोंडावर घेऊन. ही रांग तीस जानेवारीचं ऊन शेवटचं बघतेय, हे गावात तीन माणसांना माहीत होतं. कास्पर पाव खात होता. मेल्क आला नव्हता.

ऊन गेल्यावर बाईंनी मला हाक मारून वर बोलावलं.

"आलं की नाही?" त्या म्हणाल्या. गाल लाल झाले होते. "आणि मी तुझ्याशी भांडायला निघाले होते. मला माफ कर हं."

"बाई, माफी कसली."

"नाही, मागायला हवी. तू तेव्हा नीट सांगितलंस. दुसरं कुणी असतं तर म्हातारीला वाईट वाटेल म्हणून टाळलं असतं." त्या उठल्या, रजई आत ओढायला लागल्या, मी मदत केली. "काल वरच्या वस्तीत फोन केला. एक मार्चला जाते."

"बाई, एक आकडा चुकीचा वाचला म्हणून कुणी घर सोडतं का?"

"एक नाही ना. नगरपालिकेत मी दोनदा वाचला. दोन्हीदा सतरा. आणि अजूनही डोळ्यासमोर सतराच दिसतंय." रजईची घडी त्यांनी छातीशी धरली. "हे असंच असतं, डोरी. आतून सगळं लख्ख दिसतं. सबिनालाही दिसायचं."

तेव्हा सांगायला हवं होतं. तीन दिवस बाकी होते. मी रजईचं दुसरं टोक धरून उभी राहिले आणि म्हणाले, "सामान न्यायला मी गाडी आणीन."

दोन फेब्रुवारीला मुदत संपली. एकही हरकत आली नाही. एक मार्चला मी बाईंचं सामान वर पोचवलं, सहा खोकी आणि एक आरामखुर्ची. एप्रिलमध्ये खोदाई सुरू झाली.

इमारत भराभर चढली. ऑक्टोबरात छपराचे वासे लागले, नोव्हेंबरात कौलं. समितीचे गृहस्थ येऊन बघून गेले आणि जुन्या चौकात किती छान मिसळून गेलीये म्हणाले. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. ऊन त्या वर्षी ऑक्टोबरातच गेलं, पण तो महिनाभर सतत ढग होते, त्यामुळे कुणाला नक्की कळलं नाही. मला श्ट्राइफबाई एकदा म्हणाल्या, "यंदा लवकर अंधारलं, नाही?" मी म्हटलं, ढग आहेत. त्या म्हणाल्या, "हो, ढग आहेत."

मग तीस जानेवारी आली. आकाश निळं, एकही ढग नाही. शाळा सुटली, बेकरीवाल्याने पाव आणले, रांगेतल्या खिडक्या उघडल्या आणि रजया बाहेर आल्या. फक्त बाईंची खिडकी बंद होती. पाऊण वाजला. माझ्या छपराच्या कडेला एक पिवळी रेघ पेटली. मागे वर कुरणांवर ऊन लखलखत होतं, चर्चच्या शिखराच्या टोकावर होतं. चौकात नव्हतं. पोरांनी तोंडं वर केली ती तशीच राहिली.

अकरा मिनिटं कुणी हललं नाही. मग एक वाजला.

"एल्मरबाईंनी सांगितलं होतं," श्ट्राइफबाई खिडकीतून, कुणाकडेही न बघता म्हणाल्या. "आधी सांगितलं होतं. मग म्हणाल्या, चुकलं."

"मुदत होती की," बेकरीवाला म्हणाला. "मुदतीत कुणी बोललं नाही. आता कसलं बोलायचं." तो पावाची टोपली घेऊन माझ्यासमोरून गेला. मला नेहमी एक जास्तीचा द्यायचा. आज टोपली त्याने दुसऱ्या बाजूच्या हातात धरली.

कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. लोकांनी रजया आत घेतल्या आणि खिडक्या लावल्या, एकेक, सावकाश. मला कुणी काही म्हणालं नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत म्हणालेलं नाही. दुकानात गेले की बोलणी थांबतात, मी पैसे देते, ते सुटे देतात, मी बाहेर पडते आणि बोलणी पुन्हा सुरू होतात.

त्याच दुपारी मी वरच्या वस्तीत गेले. बाई व्हरांड्यात आरामखुर्चीत होत्या. तिथे ऊन होतं, भरपूर, डोळ्यांवर येईल इतकं. वर्षभरात त्या निम्म्या झाल्या होत्या. शेजारच्या टेबलावर आकड्यांच्या कोड्यांचं पुस्तक असायचं पूर्वी, ते नव्हतं. लोकरीचा गुंडा होता, न विणलेला.

"डोरी आली," त्या म्हणाल्या. "बस. आज काय आहे? मंगळवार?"

"शुक्रवार. तीस जानेवारी."

"मग रजया टाकल्या असतील."

"ऊन आलं नाही, बाई," मी म्हटलं. तिथेच खाली, त्यांच्या पायाशी बसले, आणि सगळं सांगितलं. जुनं रेखाटन, तेरा, वाऱ्याचं पत्र, मेल्कला दिलेली सही. काही सोडलं नाही. आश्रमाच्या जेवणाच्या यादीचा कागद पडला होता, त्याच्या मागे मी त्यांचं गणित पुन्हा मांडलं, त्यांच्याच पद्धतीने, खाली दुहेरी रेघ मारून. "सतराच होतं, बाई. तुम्ही दोन्हीदा बरोबर वाचलं. तुमचं काहीही चुकलं नव्हतं. मी खोटं बोलले. घरी चला. जागा अजून रिकामी आहे, मी लाकडं वर आणून देत जाईन."

बाईंनी कागद घेतला आणि पुष्कळ वेळ बघितला. बोट एकेका ओळीवरून फिरत होतं. मला वाटलं, आता कळेल, आता त्या उठून माझ्या तोंडात मारतील. मी तयार होते. मला तेच हवं होतं.

त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"तू मनाची चांगली आहेस," त्या म्हणाल्या. "सबिनालाही आम्ही असंच सांगायचो शेवटी. डॉक्टरच म्हणाले होते, वाद घालू नका, हो म्हणा. ती सातला नऊ म्हणाली की मी म्हणायचे, बरोबर आहे तुझं, नऊच वाजलेत."

"बाई, हे तसं नाही. मी शपथ घेते."

"मीही घ्यायचे," एल्मरबाई म्हणाल्या. मग त्यांनी पायांवरची शाल नीट केली आणि चहा कधी येतो ते विचारायला मला आत पाठवलं.